एकेचाळीस सूचना

त्या शनिवारी भिंतीवर माझा कोड नव्हता.

आमच्या ऑफिसात तशी पद्धतच होती. शिंत्रे सर पूर्वी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी कोल्हापुरात राजारामपुरीत नऊ जणांची ही कंपनी काढली, पण अंगातला मास्तर काही गेला नव्हता. दर शनिवारी साडेअकराला सगळ्यांनी खुर्च्या वळवून बसायचं आणि सर कुणाचा तरी आठवड्यातला कोड प्रोजेक्टरवर लावून मोठ्याने वाचणार, ओळ न् ओळ. फारच आवडला तर मध्येच थांबून चष्मा पुसायचे. सहा वर्षं बहुतेक शनिवारी तो चष्मा माझ्या कोडवर पुसला गेला होता.

"हे कुणी लिहिलंय, सांगा बघू," सर म्हणाले.

सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही सवयीने खाली बघून हसायची तयारी केली.

"वंदनानं," सर म्हणाले, आणि चष्मा काढला.

वंदना गुरव. आठच महिने झाले होते तिला येऊन. आजऱ्याजवळच्या कुठल्याशा गावची, आणि तिकडच्या मुली बोलतात तशी स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असंच बोलणारी. मुलाखतीच्या वेळी मीच सरांना म्हणालो होतो की घेऊन टाका, साधी पोरगी आहे, पडेल ते काम करेल. आता तीच साधी पोरगी खुर्चीच्या कडेवर बसून नखं कुरतडत होती आणि सर तिच्या एका ओळीवर बोट ठेवून विचारत होते, "इथं माहिती आलीच नाही तर काय होतं?"

"काय आलं न्हाई ते लिहून ठेवतो सर. आपल्या मनानं काय भरत न्हाई."

"ऐकलंत?" सर म्हणाले. "आपल्या मनानं काही भरत नाही. वंदना बाळ, ह्याच पद्धतीनं जुन्या सगळ्या फाइली एकदा बघून घे."

जुन्या सगळ्या फाइली म्हणजे माझ्या. आणि बाळ! मला सर सहा वर्षांत कधी अभिनंदन ह्या माझ्या पुऱ्या नावापुढे काही म्हणाले नव्हते, अभीसुद्धा नाही. त्या दिवशी मी डबा न खाताच बंद केला. अकरा वर्षं झाली ह्या गोष्टीला, पण पोटात काय दुखत होतं ते अजून स्वच्छ आठवतं.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे तीन डिसेंबरला, ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"चौगुले सर, पाच मिनटं हाईत काय?"

"बोल."

"ही तुमची बाळांची फाइल. जरा इथं बघा की."

बाळांची फाइल म्हणजे डॉक्टर मगदूमांच्या ट्रस्टचं काम. जिल्ह्यातल्या चार तालुक्यांत, आरोग्य केंद्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कानांची तपासणी व्हायची. नर्स टॅबलेटवर नोंद करायची, पास किंवा रेफर. रेफर म्हणजे ह्या बाळाला पुन्हा नीट तपासा. ती माहिती फाइलीतून आमच्याकडे यायची. जावा ह्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्रॅम ती वाचायचा आणि रेफर झालेल्या बाळांची यादी त्या त्या गावच्या आशाताईंकडे जायची. आशाताई घरी जाऊन आईला बाळासकट केंद्रात घेऊन यायच्या. डॉक्टर मगदूमांनी पहिल्याच बैठकीत आम्हाला बजावलं होतं, की ऐकू न येणारं बाळ सहा महिन्यांच्या आत सापडलं आणि कानाला मशीन लागलं तर ते चारचौघांसारखं बोलायला शिकतं. त्यानंतरचा एकेक महिना महागात पडतो.

जावात आधी साचा लिहावा लागतो. बाळाचं नाव म्हणजे अक्षरं, वजन म्हणजे आकडा, असं प्रत्येक खणात काय बसणार ते अगोदर जाहीर करायचं. मग बाहेरून आलेला मजकूर त्या साच्यात घालून एकेका बाळाची नोंद पाडायची. 'रेफर' ह्या खणासाठी मी दोन वर्षांपूर्वी सगळ्यात साधा प्रकार निवडला होता. त्यात दोनच गोष्टी बसतात, हो किंवा नाही. तो खण रिकामा राहूच शकत नाही. बाहेरून काहीच आलं नाही तर तिथे आपोआप 'नाही' पडतं.

"जूनपासनं टॅबलेटवरचं ॲप बदललंय," वंदना म्हणाली. "बाळ रडायला लागलं, तपासणी झालीच न्हाई, तर नर्सला उत्तर न देता पुढं जाता येतंय. मग फाइलीत ते उत्तर येतच न्हाई."

"मग?"

"मग आपल्याकडं 'रेफर नाही' पडतंय. तपासलंच न्हाई ते बाळ ठणठणीत म्हणून सुटतंय."

तो 'मग' मी उगाच विचारला होता. तिने बोट ठेवलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.

"किती आहेत?"

"दोनशे सतरा. जूनमधली सगळ्यात मोठी. त्यांना आता सहावा म्हैना सरत आला." तिने लॅपटॉप मिटला. "डॉक्टरांना सांगू काय?"

"नको. कोड लागला की यादी आपोआप जाईल. उगाच घबराट कशाला? रिव्ह्यूला टाक, मी बघतो."

आमच्याकडे नियम होता, की जुन्या फाइलीत बदल करायचा तर ती ज्याने मुळात लिहिली त्याची मान्यता हवी. माझ्या स्क्रीनवरचं हिरवं बटण मी दाबल्याशिवाय तिचा कोड लागणार नव्हता.

संध्याकाळी तो वाचला. दोनाच्या जागी तिने तीन उत्तरं केली होती: पास, रेफर, झालीच नाही. तिसरं उत्तर आलं की बाळ यादीत. सगळं मिळून साठेक ओळी. मी चूक शोधायला बसलो होतो आणि एकही सापडत नव्हती. सापडली असती तर मी तिला त्या दिवशी मनापासून माफ केलं असतं.

पण स्क्रीनवर डाव्या बाजूला लाल रंगात माझी जुनी ओळ होती, तिच्याशेजारी माझं नाव. उजव्या बाजूला हिरव्यात तिची. एक दिवस सोडून शनिवार होता. सर आधी लाल ओळ वाचणार, मग हिरवी, आणि मग चष्मा काढणार. आठ लोक बघणार.

मी पहिली सूचना लिहिली: "ह्या व्हेरिएबलचं नाव अधिक स्पष्ट हवं."

मग दुसरी. मग तिसरी. त्या रात्री आठ झाल्या.

सकाळी दहा वाजता तिचं उत्तर, "केलं." आठही केल्या होत्या. मी आणखी पाच लिहिल्या, त्यात रिकाम्या ओळीबद्दल एक. पाच डिसेंबरचा शनिवार गेला. सरांनी दुसऱ्याच कुणाचं तरी वाचलं. सोमवारी मी लिहिलं की हा क्लास, म्हणजे कोडचा तो तुकडा, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावा. तिने हलवला. गुरुवारी लिहिलं की विचारांती आधीचीच जागा बरी वाटते. तिने परत आणला. "केलं." एका शब्दाची कुरकुर नाही. तिने एकदा भांडायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. बारा तारखेचा शनिवार गेला.

मधे एकदा तिने विचारलं, "सर, झालं काय हो बघून? दिवस चाललेत."

"घाईत लावायचा कोड नाही हा. लहान मुलांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. हे वाक्य म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

तोवर मला तिचं सगळंच खुपायला लागलं होतं. तिच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर सगळे तुटून पडायचे, ते खुपायचं. सर तिच्या टेबलाशी उभं राहून बोलायचे, ते खुपायचं. आणि एक नवीनच सुरू झालं होतं. जेवणाची सुट्टी झाली की ती दोन घास खाऊन जिन्यात जायची आणि फोनवर बोलत बसायची. हळू आवाजात, हसून, कधी समजूत घातल्यासारखं. रोज पाऊण तास. मी दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन आलो. मला बघितलं की आवाज आणखी खाली.

पुण्याची कंपनी, मी ठरवून टाकलं. मुलाखती चालल्यात. आधी मला त्याचाही हेवा वाटला, कारण मला पुण्याहून कुणी कधी बोलावलं नव्हतं. मग वाटलं, जाऊ दे, बला टळली. आणि मग वाटलं, सरांना कळायला नको का?

बावीस तारखेला मंगळवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, बोलू नये, पण वंदना बहुतेक पुण्याला बघतेय. रोज तासन् तास फोनवर असते. कामावर परिणाम होतोय."

सरांनी लगेच तिला हाक मारली. मी निघायला लागलो तर म्हणाले, "थांब. तुझ्यासमोरच विचारू."

ती ओढणीला हात पुसत आली.

"वंदना, जेवणाच्या सुट्टीत रोज कुणाशी बोलतेस?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग बाहेर जाऊन एक शाळकरी वही घेऊन आली, दोनशे पानी, पुठ्ठ्यावर पोपटाचं चित्र असलेली. सरांच्या टेबलावर उघडून ठेवली. प्रत्येक ओळीत आईचं नाव, गाव, फोन नंबर, बाळाची जन्मतारीख आणि पुढे बरोबरची खूण.

"ह्यांच्याशी, सर. ज्यांची तपासणी झाली न्हाई ती बाळं. कोड लागंपर्यंत थांबाय येत नव्हतं, पोरं मोठी व्हायलीत. म्हणून मी सुट्टीत आणि घरी गेल्यावर एकेकीला फोन करतो. 'दवाखान्यात जाऊन कान परत तपासून घ्या' म्हणून सांगतो. दोनशे अकरा झाली. सहांचे फोन लागंनात."

"आणि कोड का लागला नाही?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. आता ती सांगणार, मला वाटलं. सांगून टाक एकदाची.

"रिव्ह्यू चालू हाय सर. चौगुले सर लई बारीक बघायलेत. सूचना चांगल्या हाईत त्यांच्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मला वाचवलं होतं, आणि ते मला सगळ्यात जास्त झोंबलं.

सरांनी स्वतःच्या संगणकावर तो रिव्ह्यू उघडला. पहिल्यापासून वाचत गेले. मग त्यांनी मालक म्हणून असलेला आपला अधिकार वापरला, हिरवं बटण दाबलं आणि डॉक्टर मगदूमांना फोन लावला. राहिलेल्या सहांची यादी तासाभरात आशाताईंकडे गेली. मला सर एवढंच म्हणाले, "शनिवारी वेळेवर ये."

सव्वीस तारखेला साडेअकरा वाजता भिंतीवर तिचा कोड नव्हता. माझ्या सूचना होत्या. एकेचाळीस. प्रत्येकीपुढे तारीख आणि माझं नाव. सरांनी वंदनाला वही घेऊन पुढे बसायला सांगितलं.

"चार डिसेंबर," सर वाचायला लागले. कोड वाचायचे त्याच सपाट आवाजात. "'ही रिकामी ओळ काढावी.' वंदना, चार तारखेला वहीत काय आहे?"

"सर, ते कशाला..."

"वाच."

"शाहूवाडी. बाळ पाच म्हैन्याचं. आई म्हणाली, उद्या जातो."

"सात डिसेंबर. 'हा क्लास दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावा.'"

"राधानगरी, जुळी. भुदरगडात एक, बाळाच्या आजीनं फोन घेतला."

"दहा डिसेंबर. 'विचारांती आधीचीच जागा बरी वाटते.'"

कुणीतरी फुस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. त्यानंतर कुणी हसलं नाही. सतरा-अठरा सूचना झाल्या असतील. सरांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, आवाज चढवला नाही, चष्म्याला हात लावला नाही.

"सर, पुरे की आता," वंदना एकदम म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला न्हाई वाचाय येत."

म्हणजे रडणारीही तीच, दया दाखवणारीही तीच. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं तिने. मी मान खाली घालून बसलो होतो आणि मनात तिचा रागराग करत होतो.

सरांनी प्रोजेक्टर बंद केला. "आशाताईंचा निरोप आलाय," ते म्हणाले. "सहाही घरी जाऊन आल्या. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली सगळ्या. नोंद माहेरची, आणि मुली बाळं घेऊन सासरी गेल्या. कुणी चंदगडला, कुणी कुठं. फाइलीत फोन नंबर नवऱ्यांचे जुने."

"मी जातो," मी म्हणालो. "मी शोधून काढतो सहाही."

सगळ्यांना वाटलं, पश्चात्ताप झाला बिचाऱ्याला. सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी वही माझ्या हातात दिली. खरं कारण लिहून टाकतो. ती सहा बाळं वंदनाला सापडली नव्हती. मला सापडली तर वहीतल्या शेवटच्या सहा खुणा माझ्या असणार होत्या.

रविवारी सकाळी मोटरसायकल काढली. पहिल्या दिवशी तीन सापडली. माहेरच्या घरी जायचं, सासरचं गाव विचारायचं, तिथं जाऊन जवळच्या केंद्रात बाळ तपासायला लावायचं. तिघंही पास. सोमवारी आणखी दोन, दोघंही पास. प्रत्येक वेळी मी हिरव्या पेनाने खूण करायचो, तिच्या निळ्या खुणांपासून वेगळी दिसावी म्हणून. सोमवारी दुपारी आंबोलीकडून येणारा गार वारा अंगावर घेत चंदगडच्या बाजूला निघालो तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो.

सहावं घर एका वाडीच्या टोकाला होतं. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, काजूची दोन झाडं. सुवर्णा नावाची, विशीतली मुलगी बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत होती. मुलगी होती. गुबगुबीत, काजळ घातलेली. मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. तिने पोतं टाकलं, पाणी दिलं.

"कान? कान बरं हाईत की तिचं," ती हसून म्हणाली. "लई गुणाची हाय बघा. तिच्या उशाशी भांडं पडलं तरी दचकत न्हाई. परवा लग्नाची वरात गेली दारावरनं, ताशे वाजवत. ही आपली गाढ झोपल्याली. सासू म्हणती, असलं शानं पोर बघितलं न्हाई."

मी मोटरसायकलपाशी गेलो आणि हॉर्न वाजवला. लांब, जोरात. पडवीतली कोंबडी फडफडून पळाली. सुवर्णा दचकली. बाळ आपल्या मुठीकडे बघत होतं.

मी परत येऊन पोत्यावर बसलो. वही उघडली. जन्मतारीख चौदा जून.

"माहेराहून इकडे कधी आलात तुम्ही?"

"पंधरा डिसेंबरला. सहा म्हैने पुरं झाले मग आलो. आई सोडतच नव्हती." तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "पर दादा, हे तिकडं असताना सांगितलं असतं तर लई सोपं झालं असतं बघा. आमच्या दारासमोरच दवाखाना. आशाताई तर आमच्या गल्लीतल्याच, रोज पोरीला घ्यायला यायच्या. त्यांना कुणी काय बोललं न्हाई."

तीन डिसेंबर ते पंधरा डिसेंबर, बारा दिवस. दारासमोर दवाखाना. वंदनाचं नाव माझ्या डोक्यात आलं, आणि पहिल्यांदाच त्याने पोटात काही दुखलं नाही. हेवा करायला आत काही उरलंच नव्हतं.

"ताई, बाळाला उद्याच कोल्हापूरला न्यायचंय," मी म्हणालो. "गाडी मी घेऊन येतो. मशीन लागेल कानाला. डॉक्टर चांगले आहेत."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाळाकडे. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "ए राणी." मग मोठ्याने, "राणी!" बाळाने मूठ तोंडात घातली.

"हे आधी कळायला हवं होतं तुम्हाला. चूक माझी आहे," मी म्हणालो. "माझ्यामुळे उशीर झाला. ऐकताय ना ताई? माझ्यामुळे."

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे नवलाने बघितलं.

"तुमची कशी चूक, दादा?" ती म्हणाली. "तुम्ही तर आलासा."